चाफा: एक नाव, अनेक कुळे

मराठीत कोणी ‘चाफा’ म्हटले की लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो: कुठला? सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, कवठी चाफा की भुईचाफा? यांतला एक घाटातल्या रानात उंच वाढणारा सदाहरित वृक्ष आहे. एक देवळाच्या आवारातले, फांदी मोडली की पांढरा चीक गाळणारे झाड आहे. एक आकडे अडकवत वर चढणारे झुडूप, एक कुऱ्हाडीची धार बोथट करणाऱ्या लाकडाचा वृक्ष, आणि एक तर हळद-आल्याच्या कुळातला कंद. इतक्या वेगळ्या वनस्पतींना आपल्या लोकांनी एकाच नावाखाली आणले. का आणले, हे शोधत गेले की वाट अंगदेशातल्या राजधानीपासून व्हिएतनामच्या किनाऱ्यापर्यंत, मेक्सिकोतल्या कावळ्यांपासून फ्रान्समधल्या एका वनस्पतिउद्यानापर्यंत जाते. फुलाच्या नावात इतका भूगोल आणि इतका इतिहास साठलेला असतो, याचे मला अजूनही अपार आश्चर्य वाटते.

सुरुवात सोनचाफ्यापासूनच करायला हवी, कारण मूळ मान त्याचा आहे. संस्कृतातला ‘चंपक’ तो हाच. मराठीत त्याचा चाफा झाला, हिंदीत चंपा, बंगालीत चाँपा, कन्नडमध्ये संपिगे, तमिळमध्ये शेण्बगम, मल्याळममध्ये चेंपकम. बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातला ‘संपिगे रस्ता’ म्हणजे आपल्या भाषेत चाफ्याचा रस्ता. थायलंडमध्ये ‘चंपा’ म्हणजे सोनचाफा, इंडोनेशियात तो ‘चंपाका’. एखाद्या फुलाचे नाव इतक्या भाषांत इतके कमी बदलून टिकावे, हे क्वचितच घडते. फूल जिथे गेले, तिथे ते नावासह गेले असावे असे मला वाटते. पूजेत, केसांत, अत्तरात फूल वापरायचे तर ते नावाने मागावे लागते, आणि मागता मागता नाव पक्के होते.

फुलाने गावांनाही नावे दिली. प्राचीन अंगदेशाची राजधानी चंपा, आजच्या बिहारमधल्या भागलपूरजवळची. बुद्धाच्या अखेरच्या दिवसांत त्याचा शिष्य आनंद त्याला विनवतो की कुशीनाऱ्यासारख्या लहानशा गावात देह ठेवू नका, मोठी नगरे आहेत; आणि मोठ्या नगरांची नावे घेताना तो पहिले नाव चंपेचे घेतो. राजगृह, श्रावस्ती, वाराणसी नंतर येतात. या नगरीत गग्गरा नावाची पुष्करिणी होती आणि तिच्या काठी चाफ्याचे मोठे वन होते, असे पाली टीकाग्रंथ सांगतात. बुद्ध तिथे उतरत असे. गांधीजींच्या सत्याग्रहामुळे साऱ्या देशाला ठाऊक झालेले चंपारण्यसुद्धा चाफ्याचे अरण्यच.

त्याहून थक्क करणारे नाव समुद्रापलीकडचे आहे. मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर हजार वर्षांहून अधिक काळ एक राज्य नांदत होते. त्याचे नाव चंपा आणि तिथले लोक चाम. त्यांच्या राजांची नावे भद्रवर्मन्, इंद्रवर्मन् अशी होती, त्यांचे शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत आहेत. ‘मी सन’ या ठिकाणच्या दरीत भद्रेश्वर शिवाच्या विटांच्या देवळांचे अवशेष आजही उभे आहेत. १९९९मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. या राज्याचे नाव चंपक या शब्दाशीच जोडले जाते. ते थेट फुलावरून पडले असेल किंवा अंगदेशातल्या चंपेवरून, पण दोन्ही वाटांनी उगम एकाच झाडापाशी येतो.

आता त्या झाडाकडे पाहू. सोनचाफ्याच्या फुलात निदल आणि पाकळ्या असा फरक नसतो. सगळी दले सारखीच, पिवळीधमक किंवा नारिंगी. त्यांच्या मधोमध एक उभा दांडा असतो आणि त्यावर पुंकेसर, स्त्रीकेसर मळसूत्राच्या क्रमाने बसलेले असतात. फुलाची ही रचना अतिप्राचीन आहे. सोनचाफ्याच्या कुळाच्या पूर्वजांचे जीवाश्म साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते. या कुळातली फुले मुख्यतः भुंगेऱ्यांकडून, म्हणजे कठीण पाठीच्या कीटकांकडून, परागण करून घेतात. चाफ्यापाशी भ्रमर फिरकत नाही, अशी एक जुनी लोकसमजूत उत्तर भारतात आहे. रंग, रूप, गंध असूनही हा एक उणेपणा, असे ती मानते. मला ती समजूत निरीक्षणातून आलेली वाटते. मधमाश्यांना रिझवायला मध देणाऱ्या फुलांची जी रीत पुढे जगभर रूढ झाली, ती या कुळाची नव्हेच.

संस्कृत कवींनी चंपकाला आणखी एक गुण बहाल केला. कोणते झाड कशाने बहरते याचे त्यांचे संकेत ठरलेले होते, त्यांना ‘दोहद’ म्हणतात. अशोक सुंदरीच्या पायाच्या स्पर्शाने फुलतो, आणि चंपक तिच्या हसण्याने. मराठीने मात्र फुलापेक्षा कळीवर अधिक प्रेम केले. लांबट, टोकाशी निमुळती, रेखीव कळी पाहून आपण सरळ नाकाला ‘चाफेकळी’ म्हणू लागलो. आपल्या सणांतही तो आहे: मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांना जिंकले तेव्हा चाफ्याच्या फुलांची वृष्टी झाली, म्हणून हे नाव, असे सांगितले जाते. जेजुरीला त्या दिवशी षड्रात्रोत्सवाची सांगता होते आणि घरोघरी वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवला जातो.

इथे एक कोडे आहे. शिवपुराण सांगते की केतकी आणि चंपक ही दोन फुले सोडून शंकराला सगळी फुले चालतात. खंडोबा तर शंकराचाच अवतार! शास्त्रवचन एकीकडे राहिले आणि लोकांनी देवाच्या विजयाला चाफ्याचेच नाव दिले. आणि कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी शिवालयांच्या आवारात चाफा असतोच. तो मात्र सोनचाफा नसतो. तो असतो पांढरा चाफा.

पांढरा चाफा, ज्याला देवचाफा, खुरचाफा असेही म्हणतात, तो या देशातला नाही. मूळचा तो मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतला. युरोपीय जहाजांच्या वाटेने तो आशियात आला आणि इतका रुजला की आज त्याच्याविना जुने देऊळ डोळ्यांपुढे येत नाही. त्याच्या पुराणकाळातल्या मनाईचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पुराणे रचली गेली तेव्हा हे झाड महासागरापलीकडे होते.

मेक्सिकोतल्या नाव्हाट्ल भाषेत त्याचे नाव ‘काकालोशोचिट्ल’. ‘काकालोट्ल’ म्हणजे कावळा आणि ‘शोचिट्ल’ म्हणजे फूल. कावळ्याचे फूल! १५६५पासून पुढची अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून मनिलापर्यंत पॅसिफिक ओलांडत होती. त्यांतून चांदी आली, मका आला, आणि हे फूलही आले. फिलिपिन्समध्ये आज त्याला ‘कालाचुची’ म्हणतात. मूळ नावाची घासून गुळगुळीत झालेली ही आवृत्ती अजून जिवंत आहे. बोलणाऱ्याला त्यातला कावळा दिसत नाही, पण तो तिथे आहे.

पुढे हे फूल जिथे गेले तिथल्या लोकांना ते परके वाटले आणि प्रत्येकाने वेगळ्या देशाकडे बोट दाखवले. इंडोनेशियात त्याचे नाव ‘कंबोजा’, म्हणजे कंबोडिया. त्याच देशातल्या बालीमध्ये ‘जेपुन’, म्हणजे जपान. कंबोडिया आणि जपान दोघांचाही त्याच्या जन्माशी संबंध नाही. चिनी लोकांनी देशाच्या भानगडीत न पडता ते ‘अंड्याचे फूल’ ठरवले: बाहेर पांढरे, आत पिवळे.

थायलंडमधली हकीकत वेगळी आहे. तिथे त्याचे जुने नाव ‘लान्थोम’. हा उच्चार दुःख या अर्थाच्या एका थाई शब्दाच्या जवळ जातो, म्हणून लोक हे झाड घरी लावायला कचरत. देवळात, स्मशानात ठीक, पण अंगणात नको. मग त्याला नवे नाव मिळाले: ‘लीलावदी’, आपल्या संस्कृतातली लीलावती. नाव बदलताच झाड घरांत, हॉटेलांत, बागांत शिरले. फुलात काडीचाही फरक पडला नव्हता. आणि मेकाँग नदी ओलांडून लाओसमध्ये गेलात तर हेच फूल राष्ट्रीय फूल आहे, ‘दोक चंपा’ म्हणजे चंपा-पुष्प. म्हणजे लाओसच्या लोकांनी अगदी मराठी माणसासारखेच केले. घरातले जुने लाडके नाव त्यांनी नव्या पाहुण्याला देऊन टाकले. दोन समाज, मध्ये हजारो मैल, आणि दोघांनाही अमेरिकेतून आलेले फूल हुंगताच चंपकाची आठवण झाली. दिसण्यात दोन्ही फुलांचे काहीही जुळत नाही. एकात सुट्या लांब पाकळ्या, दुसऱ्यात तळाशी नळी होऊन एकमेकींवर कललेल्या पाच. जुळते ते एवढेच की दोन्ही फुले दूरवरून आपली चाहूल देतात आणि दोन्ही देवाला वाहण्याजोगी वाटतात. नाव ठेवण्यात नाकाचा वाटा डोळ्यांपेक्षा मोठा होता, असे मी म्हणतो ते यामुळे.

युरोपातही नाकानेच काम केले. इटलीतल्या फ्रांजिपानी घराण्यातल्या एका सरदाराने सोळाव्या शतकात हातमोज्यांना लावायचे एक सुगंधी द्रव्य प्रचारात आणले होते. त्या काळी कातडी मोज्यांचा वास झाकायला असे अत्तर लावत. पुढे अमेरिकेतले हे फूल पाहणाऱ्यांना त्याचा वास त्या अत्तरासारखा वाटला, आणि फुलाला ‘फ्रांजिपानी’ हे नाव चिकटले. म्हणजे अत्तर आधी, फूल नंतर! त्या घराण्याच्या नावाचा अर्थ ‘भाकरी मोडणारे’ असा लावतात. दुष्काळात पूर्वजांनी गरिबांना भाकरी वाटली, अशी त्यामागची कथा.

पांढऱ्या चाफ्याचा सुगंध रात्री अधिक दरवळतो, त्यालाही कारण आहे. अंधारात उडणाऱ्या मोठ्या पतंगांना तो बोलावतो. पतंग मधाच्या आशेने एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालत हिंडतो आणि परागकण इकडचे तिकडे होतात. पण या फुलांत मध नसतो. आपल्याकडे याला शेंगा क्वचितच धरतात. लागवड फांदी लावूनच होते. तोडलेली फांदी कित्येक दिवस कोरडी पडून राहिली तरी तिच्यावर पाने-फुले फुटतात. न मरणारे झाड म्हणून आशियाभर त्याला मंदिरांत आणि कबरींजवळ जागा मिळाली, यात नवल नाही.

आता शास्त्रीय नावे. मला या साऱ्या शोधात सर्वांत जास्त आनंद इथे झाला. सोनचाफ्याची प्रजाती ‘मॅग्नोलिया’ आणि पांढऱ्या चाफ्याची ‘प्लुमेरिया’. पहिले नाव पिएर मॅग्नोल (१६३८–१७१५) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे. दुसरे शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच धर्मसाधूचे, जो राजाच्या आज्ञेने कॅरिबियन बेटांवर तीनदा वनस्पती शोधायला गेला. मॅग्नोलच्या सन्मानार्थ ‘मॅग्नोलिया’ हे नाव कोणी ठेवले? प्लुमिएने, १७०३च्या आपल्या ग्रंथात. आणि प्लुमिएच्या सन्मानार्थ त्याचा समकालीन तूर्नफोर याने ‘प्लुमेरिया’ हे नाव दिले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दोन्ही नावे कायम केली. हे दोघे फ्रेंच आज आपल्याकडे शेजारी उभे आहेत, दोघेही चाफा या एकाच नावाने. फुलांना नाव देणाऱ्या मराठी माणसाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मॅग्नोलबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माणसांसारखीच वनस्पतींचीही कुटुंबे मानावीत, सारखेपणा असलेल्या प्रजाती एका कुळात बसवाव्यात, ही कल्पना त्यानेच १६८९मध्ये प्रथम पद्धतशीरपणे मांडली. आज आपण ‘मॅग्नोलिएसी’, ‘अ‍ॅपोसायनेसी’ अशी कुळे मानतो, त्यामागे त्याचा विचार आहे. तो मोंपेलिएचा. प्रॉटेस्टंट असल्याने बराच काळ त्याला विद्यापीठातल्या जागा नाकारल्या गेल्या, तरी पुढे तो तिथल्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख झाला. त्याच्याच पद्धतीने पाहिले तर पांढरा चाफा सोनचाफ्याचा कोणी लागत नाही. तो कण्हेर, सदाफुली, सातवीण यांच्या कुळातला, आणि चीक ही त्या कुळाची खूण.

सोनचाफ्याचे शास्त्रीय नाव बराच काळ ‘मिचेलिया चंपाका’ होते आणि जुन्या पुस्तकांत तेच सापडते. ‘मिचेलिया’ हे नाव ज्याच्यावरून पडले तो मिकेली हा फ्लॉरेन्सचा शास्त्रज्ञ (१६७९–१७३७). बुरशी आपोआप उपजत नाही, सूक्ष्म बीजाणूंपासून वाढते, हे त्याने खरबुजाच्या फोडींवर ती वाढवून दाखवले. अलीकडे आनुवंशिक तपासणीनंतर मिचेलिया मॅग्नोलियातच सामावून घेतली गेली. त्या नावातला ‘चंपाका’ हा शब्द मात्र आपला, तो हलला नाही. डच अधिकारी व्हान रेडे याने कोचीत बसून मलबारच्या वनस्पतींवरचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. ‘हॉर्टस मलबारिकस’चे ते १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापले गेले, आणि पहिल्याच खंडात ‘चंपकम’ आहे. या कामात मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी दिलेले कोकणी प्रमाणपत्र देवनागरीत त्या ग्रंथात छापले आहे, आणि चित्रांवर वनस्पतींची नावे मल्याळम, अरबी यांच्याबरोबर नागरीतही कोरली आहेत. आपली लिपी सतराव्या शतकात अ‍ॅम्स्टरडॅमच्या छापखान्यात फुलाझाडांच्या निमित्तानेही पोचली. लिनियसने भारतीय वनस्पतींसाठी याच ग्रंथाचा आधार घेतला.

उरलेल्या चाफ्यांत हिरवा चाफा मला सर्वांत चतुर वाटतो. त्याचे फूल पानांच्याच रंगाचे, त्यामुळे दिसत नाही. पिकलेल्या फळासारख्या घमघमाटाने कळते की ते कुठेतरी आहे. पिकता पिकता ते पिवळे होते. त्याच्या फुलाचा देठच वाकून आकडा बनतो आणि त्या आकड्यांच्या आधाराने हे झुडूप वर चढते. आपण रंगावरून नाव दिले. बंगालीत तो ‘काँठाली चाँपा’, म्हणजे फणसाच्या वासाचा चाफा. त्याचे कुळ सीताफळाचे, आणि सीताफळाचे कुळ सोनचाफ्याच्या कुळाचे नातलग, एकाच गणातले. मॅग्नोलच्या हिशेबाने पांढऱ्या चाफ्याला नाकारावे लागले तरी हिरव्याच्या बाबतीत लोकांचा अंदाज बराच जुळला. कवठी चाफा तर मॅग्नोलियाच आहे, सोनचाफ्याच्या अगदी घरातला.

नागचाफा, म्हणजेच नागकेशर, याचे ‘मेसुआ फेरिआ’ हे नाव दोन जगे जोडते. ‘मेसुआ’ हे बगदादच्या खलिफांच्या दरबारातला नवव्या शतकातला ख्रिस्ती वैद्य युहन्ना इब्न मासवैह याच्या नावाचे युरोपीय रूप. ‘फेरिआ’ म्हणजे लोखंडी. लाकूड इतके जड की ते पाण्यात बुडते. श्रीलंकेचा हा राष्ट्रीय वृक्ष. चार पांढऱ्या पाकळ्यांत पिवळ्या केसरांचा दाट झुबका असतो. नागकेशर हे नाव आयुर्वेदाच्या आणि मसाल्याच्या यादीतून घराघरात पोचलेले आहे, पण ते चाफ्याच्या फुलाचे नाव आहे हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

भुईचाफा उन्हाळ्यात, पाने येण्याआधी, थेट जमिनीतून फुलतो. जांभळट-पांढरे फूल मातीलगत उमललेले असते आणि आजूबाजूला झाडाचा मागमूस नसतो. पावसाबरोबर पाने येतात. त्याची प्रजाती ‘केम्फेरिया’ ही एंगेलबर्ट केम्फरच्या (१६५१–१७१६) नावाची. हा जर्मन वैद्य डच कंपनीच्या नोकरीत १६९० ते १६९२ जपानमध्ये राहिला आणि गिंको वृक्षाची युरोपला पहिली ओळख त्याने करून दिली.

शेजारच्या भाषांत चाफ्याचे घर आणखी मोठे आहे. कोकणच्या किनाऱ्यावरची उंडी, जिचे तेल होड्यांना लावत, तिला हिंदीत ‘सुलतान चंपा’ म्हणतात. मुचकुंद तिकडे ‘कनकचंपा’ होतो. आपला सोनटक्का बंगालीत ‘दोलनचाँपा’ असतो, झुलणारा चाफा. काझी नझरुल इस्लाम यांच्या १९२३च्या काव्यसंग्रहाचे नाव तेच आहे. सोनटक्क्याला मराठीने चाफ्यात घेतले नाही आणि बंगालीने घेतले. त्याचा आणि भुईचाफ्याचा कंद मात्र शेजारी ठेवून पाहावा. दोघेही आल्याच्याच कुळातले आहेत.